खतावणी कुणाच्या हाती?

आमच्या सोसायटीची सभा २०२४च्या पुरानंतर, गणपती उठल्यावर, पार्किंगमध्येच भरली. खांबांवर पाण्याची तपकिरी रेघ माझ्या छातीइतक्या उंचीवर होती. ऑगस्टच्या शेवटी विश्वामित्री नदी बडोद्यात शिरली, तेव्हा रस्त्यांवर फिरणाऱ्या मगरींचे व्हिडिओ देशभर पाहिले गेले; आम्ही त्या आठवड्यात स्कूटरींच्या इंजिनांमधला गाळ काढत होतो. सभेपुढे विषय एकच होता. मागची कंपाउंड वॉल तीन फूट उंच करायची आणि तिच्या तळाची जुनी मोरी बुजवून टाकायची. असं केलं की पाणी आमच्याकडे यायचं थांबणार होतं. थांबलेलं पाणी जाणार होतं मागच्या गल्लीत. तिथे अठरा घरं आहेत, बहुतेक पत्र्याची.

आमचे प्रमुख (इथे सोसायटीच्या अध्यक्षाला प्रमुख म्हणतात आणि सेक्रेटरीला मंत्री, त्यामुळे साध्या सभेलाही उगाच दरबारी थाट येतो) हिशेबाने बोलणारे गृहस्थ आहेत. म्हणाले, "जुओ, आपणां छप्पन घर, पाछळ अढार. वधारे लोकोनुं भलुं जोवानुं ने?" छप्पन विरुद्ध अठरा; जास्त लोकांचं भलं बघायचं. कुणाला उत्तर सुचेना. शेवटी तळमजल्यावरच्या एक काकू म्हणाल्या, "अहो, पण त्या अठरांत आमची कमळाबेन राहते. तिचं घर बुडलं तर माझी भांडी कोण घासणार?" सगळे हसले. काकूंनी तसं पाहिलं तर प्रमुखांच्याच रीतीने हिशेब केला होता, फक्त एक नोंद वाढवली होती.

मग प्रमुख माझ्याकडे वळले. "काका, तमे तो ऑडिटवाळा. तमे कहो." छत्तीस वर्षं मी लोकांचे हिशेब तपासले, तेव्हा मला उत्तर ठाऊक असणार असा त्यांचा समज. मी विचार करून सांगतो म्हणालो. तो विचार इथे लिहितो आहे. सभेला तो ऐकायला वेळ नव्हता.

प्रमुख जे म्हणाले ते इंग्रज विचारवंत जेरेमी बेंथमने १७८९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सविस्तर मांडलं होतं. कृती बरी की वाईट हे तिच्या परिणामांवरून ठरवा. ज्याने सुखाची बेरीज वाढते ते योग्य. बेंथम मला आवडतो, हे आधीच कबूल करतो. राजाचं दुखणं आणि झाडूवाल्याचं दुखणं त्याने एकाच मापाने मोजलं. प्रत्येकाची गणती एक, कुणाचीही एकाहून जास्त नाही, हे त्याचं म्हणून सांगितलं जाणारं सूत्र पुढे त्याच्याच पंथातल्या जॉन स्टुअर्ट मिलने नोंदवून ठेवलं. जनावरांच्या बाबतीत त्याने विचारलं ते एवढंच की त्यांना यातना होतात का. मेल्यावर आपला देह वाया जाऊ नये म्हणून सांगाड्याला कपडे घालून ठेवा असं तो लिहून गेला, आणि लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात तो आजही बसलेला आहे. तत्त्वाशी इतका प्रामाणिक माणूस विरळा.

त्याच्यासमोर जर्मन तत्त्वज्ञ इमान्युएल कांटला उभं करायची पद्धत आहे. कांटचं म्हणणं, परिणाम तुमच्या हातात नसतात. ज्या नियमाने तुम्ही वागलात तो सगळ्यांनी पाळावा असं तुम्हाला मनापासून म्हणता येतं का ते बघा, आणि समोरच्या माणसाला नुसतं साधन म्हणून वापरू नका. तिसरा पक्ष ॲरिस्टॉटलचा: कृतीचं नंतर, आधी माणूस कसा घडला आहे ते बघा. हा पक्ष बराच काळ अडगळीत पडला होता. एलिझाबेथ ॲन्सकम या विदुषीने १९५८मध्ये पहिल्या दोघांची खरडपट्टी काढली आणि त्याच्याकडे पुन्हा लक्ष गेलं. बी.ए.ला या तिघांची तुलना करा असा प्रश्न हमखास येतो. उत्तराच्या शेवटी 'प्रत्येक सिद्धांतात सत्याचा अंश आहे' असं लिहिलं की पोर सुटतं.

मला तसं सुटता येत नाही, कारण भिंत एकतर उंच होणार किंवा होणार नाही. माझं म्हणणं असं: परिणाम मोजावेतच, ते न मोजता धोरण ठरवणारा माणूस बेजबाबदार. पण ज्याच्या हाती खतावणी, म्हणजे कुणाच्या नावे काय ते लिहायची हिशेबाची वही, असते तो स्वतःचा खर्च हळूच दुसऱ्याच्या नावे टाकतो. ही माणसाची जुनी खोड आहे, आणि परिणामवाद्यांनी ती कागदावर मान्य केली तरी व्यवहारात तिचा बंदोबस्त केला नाही. कांटचा उपयोग मला तिथे दिसतो, त्या खतावणीवर हरकती काढण्यासाठी. स्वतंत्र खतावणी म्हणून तो चालत नाही. ते पुढे येईलच.

पहिला दाखला थेट मिलचाच. जॉन स्टुअर्ट मिल १८२३मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या कचेरीत कारकून म्हणून चिकटला आणि १८५८मध्ये कंपनीचं राज्य संपेपर्यंत तिथेच राहिला. हिंदुस्थानातल्या देशी संस्थानांविषयीचे खलिते मसुद्यात उतरवणं हे त्याचं बरीच वर्षं मुख्य काम होतं. पस्तीस वर्षांत तो हिंदुस्थानात एकदाही आला नाही. स्वातंत्र्यावरचा त्याचा निबंध १८५९मध्ये निघाला. आगरकरांच्या पिढीने मिलला डोक्यावर घेतलं, आणि घ्यावं असाच तो होता. पण त्याच निबंधात, अगदी सुरुवातीला, एक अपवाद नोंदवलेला आहे: 'रानटी' लोकांवर अनियंत्रित राज्य करणं रास्त ठरतं, मात्र हेतू त्यांच्या सुधारणेचा हवा. आता सुधारणा कशाला म्हणायचं, ती किती झाली, तिची किंमत परवडली की नाही, हे सगळे रकाने लंडनमध्ये भरायचे. ज्यांच्या नावे खर्च पडत होता त्यांना वही दाखवण्याची तरतूदच नव्हती. मिल दुष्ट नव्हता हो. स्त्रियांना मताधिकार मिळावा म्हणून १८६७मध्ये पार्लमेंटात भांडलेला माणूस तो. दुष्ट माणसाचं उदाहरण घेऊन काही सिद्धही झालं नसतं.

दुसरा दाखला आमच्या गावचा. १८७५. बडोद्याचे महाराज मल्हारराव गायकवाडांनी इंग्रजांचा दरबारातला प्रतिनिधी, म्हणजे रेसिडेंट, कर्नल फेअरला विष घालण्याचा प्रयत्न केला असा आरोप होता. चौकशीला सहा जणांचं कमिशन बसलं: तीन इंग्रज, आणि आपल्याकडचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज व सर दिनकरराव राजवाडे. इंग्रजांनी आरोप शाबीत धरला, आपल्या तिघांनी धरला नाही. तीनास तीन. सरकारने मग विषाचं प्रकरण बाजूला सारलं आणि गैरकारभाराचं कारण देऊन मल्हाररावांना गादीवरून काढलं. आधीचे महाराज खंडेराव यांच्या विधवा राणी जमनाबाईंनी नाशिककडच्या कवळाणे गावातला बारा वर्षांचा मुलगा दत्तक घेतला. ते सयाजीराव.

आमच्या घरात या गोष्टीवर कधी वाद झाला नाही. आजोबा म्हणायचे, मल्हारराव गेले म्हणून शाळा आल्या, आजवा तलावाचं पाणी आलं, लायब्ररी आली. बेरीजच एवढी मोठी की वजाबाकी मांडायचं कुणाच्या मनात येईना. मल्हाररावांचा कारभार चांगला होता असं मीही म्हणणार नाही. पण कलकत्त्याला बसून हुकूम काढणाऱ्याला कवळाण्यातून असा राजा निघेल हे कुठे ठाऊक होतं? दुसरा मल्हारराव निघाला असता तर तोच हुकूम, तीच कागदपत्रं, तोच अर्धामुर्धा न्याय आपण इंग्रजांच्या अन्यायाचा नमुना म्हणून नातवंडांना सांगितला असता. करणाऱ्याच्या हातात नसलेल्या गोष्टीवरून त्याची बरी-वाईट किंमत ठरते, या विचित्र प्रकाराला बर्नार्ड विल्यम्स आणि टॉमस नेगल या तत्त्वज्ञांनी १९७६मध्ये 'नैतिक नशीब' असं नाव दिलं. आमच्याकडे त्याला तुक्का म्हणतात. निकाल लागल्यावर मांडलेला परिणामांचा हिशेब नेहमी जमेत निघतो, कारण मांडणारे आपण, फायदा झालेले.

सयाजीरावांचा स्वतःचा कारभार मात्र तुक्क्याचा नव्हता. सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग त्यांनी १८९३मध्ये अमरेलीकडे सुरू केला, तेरा वर्षं त्याचं काय होतं ते पाहिलं, आणि १९०६मध्ये तो साऱ्या राज्याला लागू केला. मूल शाळेत न घालणाऱ्या बापाला दंड होता. गोखल्यांनी १९११मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक आणलं तेव्हा बडोद्याचा दाखला त्यांच्या हाताशी होता. पुढच्या वर्षी ते विधेयक पाडण्यात आलं. बेंथमला आवडलं असतं असं हे काम आहे: आधी मोजा, मग पसरवा. त्यात गुरं राखणारं पोर शेतातून उचललं जात होतं आणि ते नुकसान गरीब कुणब्याचं होतं, हेही खरं. पण फी माफ करून आणि शाळा काढून खर्चाचा मोठा वाटा राज्याने आपल्या नावे लिहिला होता. म्हणून ही सक्ती माझ्या तपासणीत टिकते.

दोन वर्षं आधीची दुसरी सक्ती तितकी टिकत नाही. १९०४चा बालविवाह प्रतिबंधक निबंध. (बडोदे राज्यात कायद्याला निबंध म्हणत. 'सरकारने लग्नावर निबंध लिहिला' हे आजीच्या तोंडचं वाक्य मला शाळेत असताना फार गमतीचं वाटे.) मुलीचं वय बारा, मुलाचं सोळा, त्याखाली लग्न लावलं तर दंड. लोकांनी काय केलं? पुष्कळांनी लग्नं लावली आणि दंड भरला. वाजंत्रीवाल्यांचे इतके, आचाऱ्याचे इतके, सरकारचे इतके. इस्राएलमधल्या पाळणाघरांत मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना दंड लावला तर उशीर करणारे उलट वाढले, असा अभ्यास २०००मध्ये प्रसिद्ध झाला आणि अर्थशास्त्रात गाजला. बडोद्यातल्या एखाद्या वहिवाटदाराने (तालुक्याच्या अंमलदाराने) तेच शंभर वर्षं आधी आपल्या वहीत पाहिलं असणार. कर्तव्य म्हणून मनात न रुजलेल्या गोष्टीला दंड लावला की दंडाची किंमत होते, आणि किंमत दिली की माणूस मोकळा. दंडाच्या रकमेने तिजोरीत भर पडली. बोहल्यावर उभ्या असलेल्या आठ वर्षांच्या पोरीच्या नावे काही जमा झालं नाही.

इथे कुणी म्हणेल, हे तर आपल्या राजाने केलं होतं, परक्याने नव्हे. बरोबर. इंग्रजांच्या १८९१च्या संमतिवयाच्या (बायकोशी शरीरसंबंधासाठी तिचं किमान वय ठरवणाऱ्या) कायद्याला टिळकांनी कडाडून विरोध केला, त्यातला एक मोठा मुद्दा हाच होता की परक्या सरकारला आमच्या घरात हात घालू देऊ नये. खतावणी परक्याच्या हाती नको, हा मुद्दा मला कळतो. पण त्या सगळ्या गदारोळात जिच्या शरीराबद्दल भांडण चाललं होतं ती मुलगी बोलणाऱ्यांत कुठे होती? बालपणी लग्न लावून दिलेल्या रखमाबाई त्याआधी स्वतः वर्तमानपत्रात लिहून बोलल्या होत्या, तर केवढा गहजब झाला. वही परक्याच्या हातातून घरच्या पुरुषाच्या हातात आली तरी तिच्यासाठी वही बंदच.

आता १९१७. हे लिहिताना मला दर वेळी थांबावं लागतं. भीमराव आंबेडकर सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर १९१३मध्ये कोलंबियाला गेले होते. परत आल्यावर दहा वर्षं बडोद्याची चाकरी करायची असा करार होता. ते आले. नेमणूक झाली अकाउंटंट जनरलच्या कचेरीत, उमेदवार म्हणून. म्हणजे माझ्याच धंद्यात. राहायला जागा मिळेना. हिंदू हॉटेलात अस्पृश्याला थारा नव्हता, म्हणून ते पारशांच्या उतरण्याच्या जागी गेले. तिथला रखवालदार म्हणाला, ही जागा फक्त पारशांसाठी आहे. मग दोघांच्या संमतीने रजिस्टरात एक पारशी नाव लिहिलं गेलं. दिवसभर कचेरी, रात्री त्या ओसाड इमारतीत एकटं वाचत बसायचं. अकराव्या दिवशी सकाळी काठ्या घेतलेले डझनभर पारशी जिना चढून आले. आठवडाभराची मुदत मागितली. सरकारी बंगल्यासाठी केलेला अर्ज तेवढ्यात मंजूर होईल अशी आशा होती. त्यांनी संध्याकाळपर्यंत निघा म्हणून सांगितलं.

दोन मित्र होते, एक हिंदू, एक ख्रिस्ती. दोघांकडे गेले. हिंदू मित्र म्हणाला, तुम्ही माझ्या घरी आलात तर माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्र म्हणाला, बायको उद्या येते आहे, तिला विचारून सांगतो. मुंबईची गाडी रात्री नऊची होती. मधले पाच तास आंबेडकरांनी कमाटी बागेत काढले. ही बाग सयाजीरावांनी १८७९मध्ये लोकांसाठी केली. बागेच्या फाटकावर रजिस्टर नव्हतं.

हिंदू मित्राचं वाक्य पुन्हा वाचा. 'माझे नोकर निघून जातील.' हे जातीचं वाक्य नाही, निदान दिसायला तरी. यात शिवाशिव नाही, शास्त्र नाही, विटाळ नाही. हा परिणामांचा हिशेब आहे, आणि बहुधा खराही; नोकर गेलेही असते. ख्रिस्ती मित्राचंही तेच, घरातली शांतता एका पारड्यात. आमच्या काकूंची भांडी आणि त्या मित्राचे नोकर यांच्यात मला फार अंतर दिसत नाही. बेंथम तिथे असता तर म्हणाला असता, मूर्खांनो, नीट मोजा: तुमची चार दिवसांची गैरसोय एका बाजूला, या माणसाचं अख्खं आयुष्य दुसऱ्या बाजूला, आणि गणती प्रत्येकाची एक. सूत्र त्यांच्या विरुद्ध होतं. पण सूत्र स्वतःहून चालत नाही, कुणीतरी पेन धरावं लागतं. नकार देणाऱ्याला 'मला तू घरात नको' म्हणायला जीभ रेटत नाही, 'त्रास होईल हो' म्हणायला रेटते. सभ्य माणसाने भेदभाव करायचा तर तो परिणामांच्या भाषेत करतो. घर भाड्याने देताना आजही बडोद्यात, पुण्यात, कुठेही, 'आम्हाला काही नाही, शेजाऱ्यांना चालत नाही' हे वाक्य ऐकू येतं.

मग कांटकडे जायचं का? कांटने १७९७मध्ये एक छोटा लेख लिहून सांगितलं की मित्राला मारायला आलेला खुनी दारात उभा राहून विचारत असला, तरी खोटं बोलू नये. या कांटच्या दरबारात पहिला आरोपी आंबेडकरच ठरतात, कारण रजिस्टरात खोटं नाव त्यांचं. दहा वर्षांचं वचन मोडलं, हा दुसरा आरोप, आणि वचनभंग तर कांटचं लाडकं उदाहरण. आपल्याकडे हा प्रश्न फार आधी सुटला होता. कर्णपर्वात कौशिक नावाच्या ब्राह्मणाची गोष्ट आहे. सत्य बोलायचं व्रत घेतलेला माणूस. लुटारूंच्या भीतीने लोक रानात लपले. लुटारूंनी विचारलं, याने खरं ते सांगितलं. लोक मारले गेले. कौशिक नरकात गेला. गीतारहस्यात 'कर्मजिज्ञासे'च्या प्रकरणात टिळक ही गोष्ट घेतात. आणि तेच टिळक पुढच्या एका प्रकरणात 'पुष्कळांचं पुष्कळ सुख' या तत्त्वावर अमेरिकेतल्या एका शहराचं उदाहरण देतात: ट्रामची परवानगी लवकर मिळेना म्हणून व्यवस्थापकाने अधिकाऱ्यांना लाच दिली, ट्राम झाली, सगळ्या शहराची सोय झाली, पुढे लाच उघडकीला आली आणि त्याला शिक्षा झाली. सुखाची बेरीज वाढली तरी लाच ती लाच. मंडालेच्या तुरुंगात बसून टिळकांनी दोन्ही बाजूंना गाठलं, ते मला मनापासून आवडतं. त्यांचं उत्तर, म्हणजे कर्त्याची बुद्धी शुद्ध हवी, मला मात्र अपुरं वाटतं. बुद्धी शुद्ध असल्याची खात्री ज्याची त्यालाच असते, आणि त्या हिंदू मित्रालाही ती असणार.

कांटचा दुसरा अर्धा भाग इथे कामाला येतो. रजिस्टरातल्या खोट्या नावाकडे बघण्याआधी रजिस्टराकडे बघा. 'या शहरात फक्त अमक्या जन्माच्या माणसाला छप्पर मिळेल' हा नियम सगळ्यांनी पाळला तर काय होईल? तसंच झालं होतं: प्रत्येक जागेने तो पाळला आणि एका माणसाला अख्ख्या शहरात छप्पर उरलं नाही. त्या नियमाला माणूस दिसत नव्हता, नावाआडून फक्त जात दिसत होती. ऑडिटमध्ये बनावट व्हाउचर सापडलं की नवखा तपासनीस व्हाउचरवर सही करणाऱ्याला धरतो; मुरलेला आधी विचारतो की खरं व्हाउचर स्वीकारलंच जाणार नाही असा नियम कुणी केला. रजिस्टरातलं खोटं मी आंबेडकरांच्या नावे मांडणार नाही, बडोद्याच्या नावे मांडीन. दहा वर्षांच्या वचनाचंही तसंच. ज्या पक्षाने राहायला खोली दिली नाही त्याने करारातलं कलम दाखवू नये.

आंबेडकरांनी स्वतः पुढे या प्रश्नाला हात घातला, आणि माझ्या मते इथल्या कुणाहीपेक्षा नेमका घातला. लाहोरच्या सभेसाठी १९३६मध्ये लिहिलेल्या, पण करू न दिलेल्या भाषणात त्यांनी नियम आणि तत्त्व यांत फरक केला. नियम म्हणजे अमुक कर, अमुक करू नको, सवयीने चालणारी रीत. तत्त्व म्हणजे पारखण्याचं साधन. तत्त्वाने वागणारा चुकू शकतो, पण त्याचं कृत्य जबाबदारीचं असतं. कोलंबियात अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन ड्यूई त्यांचे शिक्षक होते आणि हा फरक त्या परंपरेतला आहे. पण ड्यूईंना कुठल्या धर्मशाळेच्या जिन्यावरून काठ्या दाखवून उतरवलं नव्हतं.

राहिला ॲरिस्टॉटल. माणसं चांगली असली की सगळं नीट होतं, असं आमच्या पिढीला फार वाटतं; जुन्या बडोद्याच्या आठवणी निघाल्या की दांडिया बाजारातल्या कट्ट्यावर तर हमखास. चांगुलपणाबद्दल मला आदर आहे, पण १९१७मध्ये या राज्याच्या गादीवर देशातल्या सगळ्यात सुधारक राजांपैकी एक बसलेला होता, आणि तो आंबेडकरांचा हितचिंतक होता. कमी काय होतं? खुद्द महाराजांच्या सद्गुणाला अकरा दिवसांत एक खोली मिळवून देता आली नाही. सद्गुण राजवाड्यात होता, किल्ली रखवालदाराकडे होती.

आता माझ्यावर येणारी खरी हरकत. ज्याच्या नावे खर्च पडतो त्याला वही दाखवा, त्याला बोलू द्या, असं म्हणणं सोपं आहे. पण पुराच्या रात्री आजव्यावर ड्युटी असलेला इंजिनिअर कुणाकुणाला विचारत बसेल? पाणी सोडलं तर विश्वामित्रीकाठची वस्ती बुडते, अडवून धरलं तर धरणाला धोका. हा फिलिपा फुट या बाईंनी १९६७मध्ये मांडलेला ट्रॉलीचा पेच आहे: गाडी पाच जणांवर सोडायची की वळवून एकावर घालायची. कबूल. त्या रात्री त्या इंजिनिअरने आकडे मोजावेत, दुसरं काही करू नये. मी त्याला कांट वाचायला देणार नाही. पण ट्रॉलीच्या गोष्टीत एक गोम आहे, तिथे रूळ आधीच टाकलेले असतात. ते कुणी टाकले, कुठल्या सभेत, एकटा माणूस नेमका त्याच रुळावर कसा, हे गोष्टीत विचारायचं नसतं. विश्वामित्रीची कोतरं (काठच्या घळी) भरून प्लॉट पाडले गेले, नाले आवळले गेले, गरिबाला घर बांधायला उरली ती सगळ्यात खालची जमीन. हे निर्णय पहाटे तीन वाजता घाईत झालेले नाहीत. चहा-बिस्किटांबरोबर सावकाश झाले. तिथे विचारायला भरपूर वेळ होता.

जॉन रॉल्सने १९७१मध्ये सुचवलं की आपण कोण असणार हे माहीत नाही असं समजून, पडद्याआड बसून, समाजाचे नियम ठरवावे. युक्ती सुंदर आहे. पण आमच्या पार्किंगमध्ये प्रत्येकाला आपला फ्लॅट नंबर पाठ होता.

म्हणून पुढच्या सभेत मी सिद्धांत काढला नाही. एवढंच म्हणालो की मागच्या गल्लीतले दोन जण बोलवा आणि त्यांच्या समोर भिंतीचा ठराव मांडा. मंत्री म्हणाले, ते मेंबर नाहीत, नियमात बसत नाही. मी म्हणालो, पाणी तरी कुठे मेंबर आहे. प्रमुखांना हसू आलं, मग ते म्हणाले, "काका, तमे वात तो साची कहो छो, पण ए लोको आवशे तो ना ज पाडशे ने?" ते लोक आले तर नाहीच म्हणतील. सगळ्या वादातलं सगळ्यात प्रामाणिक वाक्य ते. पहिल्या सभेत ज्याला आपण भलं म्हणत होतो त्याची खरी किंमत प्रमुखांना ठाऊक होती.

दोघं आली. एक कमळाबेन, दुसरा भाजीची लारी लावणारा एक तरुण. ती दोघं ना म्हणाली नाहीत. आमच्या तळमजल्यात पाणी किती आलं होतं हे कमळाबेननेच सांगितलं. ते तिनेच पुसून काढलं होतं. तिचं म्हणणं, भिंत घाला, मोरी बुजवू नका, आणि गल्लीच्या तोंडाशी जो नाला सोसायटीच्याच मलब्याने बुजला आहे तो मोकळा करून द्या. मलब्याची गोष्ट आमच्या छप्पन घरांपैकी एकानेही काढली नव्हती. माझ्या टिपणातही ती नव्हती, आणि तो मलबा माझ्या बाथरूमच्या जुन्या लाद्यांसकट आहे.

नाल्याचं काम अर्ध्यावर आहे. भिंत झाली. मोरी ठेवली, म्हणजे खाली दोन नळ्या टाकल्या. नऊ इंची टाकायचं ठरलं होतं, टाकल्या चार इंची. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो तेवढ्या पुरतात. मी बिलावर हरकत लिहून ठेवली आहे आणि पुढच्या सभेला ती दोघं पुन्हा येणार आहेत, फुटपट्टी घेऊन.